मदत हवी आहे: 'द रेड' (२०११) मधला मॅड डॉग निष्ठावान की नाही? शिवाय पार्श्वसंगीताचा घोळ

नमस्कार मंडळी. खाली सगळं फोडलंय, सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच परत फिरा.

इंडोनेशियाचा हा सिनेमा, तामा नावाच्या गुंडाच्या इमारतीवर पोलीस धाड टाकतात त्याचा, मी २०१२ मध्ये होस्टेलवर पाहिला होता, एका लॅपटॉपसमोर आठ जण दाटीवाटीने बसून. परवा घरी मेव्हण्यांबरोबर पुन्हा लावला आणि दोन गोष्टींवरून वाजलं.

एक, पार्श्वसंगीत मला वेगळं आठवतंय. भिंतीआड लपलेल्या रामाच्या (धाडीतला पोलीस, आपला नायक) गालात कोयता घुसतो आणि पातं मागे जाताना तो त्यावरचं रक्त पुसून घेतो, तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. पण परवा ऐकलेलं संगीत तेव्हाचं वाटलं नाही. मेव्हणे म्हणतात, "तुमचं वय झालं." खरंच कुणाला असं जाणवलंय का?

दोन, मॅड डॉग, म्हणजे तामाचा मारेकरी. हातात पिस्तूल असताना तो पोलीस पथकाच्या प्रमुखाला, जाकाला, खोलीत नेतो, पिस्तूल बाजूला ठेवतो आणि हातांनी मारतो. ते एक वेळ चालेल. पण शेवटी साखळीला लटकवलेल्या अँडीला (रामाचा भाऊ, पण तामाच्या टोळीतला) तो रामाला सोडवू देतो आणि दोघा भावांशी एकटा भिडतो! तिकडे पोलीस अधिकारी वाह्यू थेट मालकापर्यंत, म्हणजे तामापर्यंत, पोचलाय, आणि याला मारामारीची हौस. मेव्हण्यांच्या मते हा टोळीतला सगळ्यात इमानी माणूस. मला तर तो तामाचा वाटतच नाही. मिसळीची पैज लागली आहे, तेव्हा जरा खुलासा करा.

प्रतिसाद १
वय झालं नाही, कान शाबूत आहेत. दोन वेगळी पार्श्वसंगीतं आहेत. मूळ इंडोनेशियन आवृत्तीचं आर्या प्रायोगी आणि फजर युस्केमल यांचं. अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी लिंकिन पार्कचा माइक शिनोडा आणि जोसेफ ट्रॅपनीज यांनी नव्याने केलं. मला मूळचंच आवडतं.

प्रतिसाद २
मॅड डॉगबाबत मी मेव्हण्यांच्या बाजूने. तामाने नेमून दिलेलं काम तो टाळत नाही, फक्त स्वतःच्या पद्धतीने करतो. इमान कुणाचं मोडतं? अँडीचं. म्हणून तर तामा त्याच्या हातात सुरा खुपसतो.

आणि हातांच्या मारामारीला पैशांची बाजूही असावी. बजेट सुमारे ११ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाच-साडेपाच कोटी. बंदुका एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या खोट्या, नळीतून निघणारा जाळ नंतर संगणकावर घातलेला. मग भर सिलाटवर, म्हणजे इंडोनेशियाच्या पारंपरिक युद्धकलेवर. मॅड डॉग झालेला यायान रुहियान आणि रामा झालेला इको उवैस यांनीच मारामाऱ्या बसवल्या आहेत. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्सला खरं तर तुरुंग आणि टोळ्यांचा मोठा सिनेमा करायचा होता. पैसे उभे राहिले नाहीत म्हणून आधी ही एका इमारतीतली गोष्ट केली. तो मोठा सिनेमा म्हणजे २०१४ चा दुसरा भाग. त्यात यायानच प्राकोसो झालाय, मालकासाठी आयुष्यभर खून पाडणारा. त्याच मालकाचा मुलगा त्याचा काटा काढतो. निष्ठेवर भांडायचंय ना, मग तो बघून भांडा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. म्हणजे संगीतात मी जिंकलो, मॅड डॉगमध्ये मेव्हणे. मिसळ अर्धी-अर्धी, तर्री मात्र मीच जास्त घेणार. दुसरा भाग रविवारी लावतोय. मुलं झोपल्यावर, अर्थात.