नेतृत्व शिकायचं असेल तर नायक नको, चुकलेला राजा वाचा

अधोरेखित (धागा)

नेतृत्व शिकवणारी पुस्तकं वाचणं मी केव्हाच सोडलं. यशस्वी माणसांच्या सवयी, निर्णयाची सूत्रं, प्रकरणाच्या शेवटी चौकटीतला सारांश. वाचताना माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी टीममधल्या कुणी विरोध केला की पूर्वीसारखाच वागतो. माझं मत असं आहे की नेतृत्वाचं खरं शिक्षण कथा, नाटक आणि चित्रपटांतून होतं. अट एकच, त्यात स्वतःला नायकाच्या जागी बसवायचं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझचं 'अँटिगनी' हे नाटक बसवलं होतं. राजाची आज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी ही त्यातली बंडखोर. तुरुंगातल्या प्रत्येकाला ती जवळची वाटणारच. नेल्सन मंडेलांनी मात्र भूमिका केली ती क्रेऑनची, म्हणजे राजाची. आत्मचरित्रात ते लिहितात की क्रेऑन सुरुवातीला शहाणपणाचं बोलतो, पण नंतर कुणाचंच ऐकेनासा होतो. असा ताठरपणा नेत्याला शोभत नाही, न्यायाला दयेची जोड हवी. सत्तेने कोंडून ठेवलेला माणूस सत्ताधाऱ्याचे संवाद पाठ करतो, त्याच्या तोंडून बोलून बघतो. मला यापेक्षा चांगला नेतृत्वाचा तास माहीत नाही.

दुसरं उदाहरण जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ सालच्या हत्तीवरच्या निबंधाचं. ब्रिटिश अमलाखालच्या ब्रह्मदेशात एक तरुण पोलीस अधिकारी पिसाळलेल्या हत्तीमागे जातो. हत्तीने एका माणसाला चिरडलेलं असतं, पण अधिकारी पोहोचतो तेव्हा तो शांतपणे गवत खात उभा असतो. आता मारायची गरज नाही, हे त्याला स्पष्ट दिसतं. मागे मात्र हजारोंचा जमाव जमलाय आणि हातात बंदूक आहे. तो गोळी घालतो. का? लोकांसमोर हसं होऊ नये म्हणून. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना आपण घेतलेले किती निर्णय त्या गोळीच्या जातीचे असतात, हा प्रश्न कुठल्याही सूत्राच्या पुस्तकाने मला विचारला नव्हता.

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स मार्च यांनी अनेक वर्षं नेतृत्वाचा अभ्यासक्रम 'ऑथेल्लो', 'सेंट जोन', 'वॉर अँड पीस' आणि 'डॉन किहोते' यांच्या आधारे शिकवला. चौघांतला एकही सरळसोट यशाची गोष्ट सांगत नाही. तुमचं मत काय?

रोखठोक

असहमत. अगदी मुळापासून.

वाचनाने आणि आत्मपरीक्षणाने माणूस सुधारत असता, तर धृतराष्ट्र सुधारला असता. उद्योगपर्वात संजय पांडवांकडून परत येतो, निरोप उद्या सभेत सांगेन म्हणतो, आणि राजाला झोप लागत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर रात्रभर नीती सांगतो, तीच विदुरनीती आपण आजही वाचतो. धृतराष्ट्राला सगळं पटतं. तो तसं बोलूनही दाखवतो. आणि पुढे म्हणतो की दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. इतकं स्वच्छ आत्मज्ञान आपल्यातल्या फार थोड्यांकडे असेल. उपयोग काय झाला? युद्ध टळलं नाही.

चित्रपटांचं म्हणाल तर १९७० साली अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सेनापतीवरचा 'पॅटन' पुन्हा पुन्हा पाहिला होता, आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर कंबोडियात सैन्य घुसवण्याचा निर्णय जाहीर केला. स्टालिनचा ग्रंथसंग्रह हजारोंचा होता, पुस्तकांच्या समासात तो टिपणं करायचा, तरुणपणी त्याने कविता लिहिल्या होत्या.

'साहित्य वाचल्याने दुसऱ्याचं मन कळतं' या समजुतीला ज्या प्रयोगाचा आधार देतात, तो २०१३ साली 'सायन्स'मध्ये आला होता. साहित्यिक कथांचे उतारे वाचलेल्यांना फक्त डोळ्यांच्या छायाचित्रावरून भावना जास्त अचूक ओळखता आल्या, असा निष्कर्ष होता. २०१६ साली संशोधकांच्या तीन गटांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. नेतृत्व जबाबदारी अंगावर पडल्यावरच येतं. निर्णय चुकला की कुणाचं तरी नुकसान होतं आणि आपल्याला त्या माणसाच्या समोर उभं राहावं लागतं. खुर्चीत बसून हत्तीबद्दल हळहळणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

अधोरेखित

निक्सनचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. पॅटन हा त्या चित्रपटाचा नायक, आणि निक्सनने त्याच्यात स्वतःला पाहिलं. नेमकं हेच करू नका, असं मी म्हणतेय. मनात आधीच ठरलेल्या गोष्टीला पडद्यावरून टाळ्या मिळवायच्या, याला शिकणं म्हणता येत नाही.

स्टालिनबद्दल बोलायचं तर वाचन माणसाला चांगलं बनवतं असा माझा दावाच नाही. वाचन साधन पुरवतं. ते स्वतःवर चालवायचं की इतरांवर, हे वाचणारा ठरवतो.

धृतराष्ट्राचा मुद्दा मात्र मला अडवतो. त्याला कळलं होतं, हे खरंच. त्यावर उद्या सविस्तर लिहिते.

पायवाट

मी प्रशिक्षणाचं काम करते, नव्याने टीम हाताखाली आलेल्या लोकांबरोबर. त्यामुळे ही चर्चा मला जवळची आहे.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आम्ही नेहमी दाखवतो. खुनाच्या खटल्यातले बारा ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, एका खोलीत, पहिल्या मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात, एकटा आठ क्रमांकाचा 'निर्दोष' म्हणतो. चित्रपट संपल्यावर कुणासारखं व्हायचं असं विचारलं तर सगळे आठ क्रमांकाचं नाव घेतात. म्हणून तो प्रश्न मी विचारतच नाही. पहिलं मतदान झालं की चित्रपट थांबवते आणि विचारते, तुमच्या मागच्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये तुम्ही या बारांपैकी कोण होतात? खोली शांत होते. मग कुणी सात क्रमांकाचं नाव घेतं, ज्याला सामना बघायला जायची घाई आहे. कुणी बाराव्याचं, जो वारा येईल तसा फिरतो. आणि एखादा कधीतरी तीन क्रमांकाचं नाव घेतो. तो मुलाशी झालेल्या भांडणाचा राग त्या आरोपी पोरावर काढत असतो, हे तोपर्यंत पडद्यावर पुरतं उलगडलेलंही नसतं. ज्यांनी चित्रपट आधी पाहिलाय, तेच हे नाव घेतात, आणि ते सोपं नसतं.

अजून एक जागा आहे, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आठ क्रमांकाचा वाद घालून घालून दमतो तेव्हा म्हणतो, पुन्हा गुप्त मतदान घ्या, मी मत देणार नाही. अकराही 'दोषी' निघाले तर मी तुमच्याबरोबर. एक चिठ्ठी 'निर्दोष' निघते, म्हाताऱ्या नऊ क्रमांकाची. म्हणजे त्या माणसाने आपली बाजू पणाला लावली आणि दुसऱ्या कुणालातरी पुढे यायला जागा करून दिली. पद तर एक क्रमांकाच्या ज्यूरीकडे आहे, तो बैठकीचा प्रमुख. तरीही खोली त्याच्या मागे जात नाही. हा फरक भाषणाने समजावता येत नाही. ते दृश्य दोनदा दाखवलं की कळतो.

रोखठोक, जबाबदारीतून शिकतात हे मलाही मान्य आहे. पण जबाबदारी पडल्यावर केलेल्या चुका कुणाच्या तरी नोकरीवर, तब्येतीवर जातात. पडद्यावर त्याची तालीम करून घेतली तर बिघडलं काय?

रोखठोक

पायवाट, तुमची पद्धत आवडली, पण चित्रपटाची निवड माझ्या मते घातक आहे. कथेत एकटा उभा राहिलेला माणूस बरोबरच निघतो, कारण लेखकाने त्याच्या बाजूने पुरावे पेरलेले असतात. खऱ्या टीममध्ये एकटा अडून बसलेला माणूस कित्येकदा नुसता चुकीचा असतो. असे चित्रपट पाहून प्रत्येक हट्टी माणसाला आपण आठ क्रमांकाचे आहोत असं वाटू लागतं.

शिवाय तो खिशातून तसाच दुसरा चाकू काढतो आणि टेबलात खुपसतो, ते दृश्य आठवा. न्यायालयाबाहेर स्वतः जाऊन पुरावा मिळवणं ज्यूरीला चालतच नाही. त्याने नियम मोडला आणि आपण टाळ्या वाजवल्या. हे नेतृत्वाचं शिक्षण?

पायवाट

चाकूचा मुद्दा बिनतोड आहे. पुढच्या वेळी तिथेही थांबेन.

पण 'बरोबर निघतो' याला माझा विरोध आहे. तो पोरगा निर्दोष होता, असं चित्रपट कुठेच सांगत नाही. आठ क्रमांकाचाही कधी तसं म्हणत नाही. मला माहीत नाही, बोलू या, एवढंच त्याचं म्हणणं. हट्टी माणूस 'मला माहीत नाही' या वाक्यापासून सुरुवात करत नाही.

मधली ओळ

साहित्य-चित्रपटांवर तुम्ही भांडताय, पण धाग्यातला कच्चा दुवा मला आत्मपरीक्षणात दिसतो. ते आपोआप चांगलंच असतं, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय.

ग्रँट, फ्रँकलिन आणि लँगफर्ड यांनी २००२ साली आत्मचिंतन आणि आत्मबोध या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांना आढळलं की रोजनिशी लिहिणारे लोक चिंतनात पुढे होते, पण बोधात रोजनिशी न लिहिणाऱ्यांपेक्षा मागे. रात्री वही उघडून 'ती माझ्याशी अशी का वागली' यावर तासभर घोळत राहिलं की माणूस आपली बाजू आणखी घट्ट करून झोपतो.

याच्या उलट २०१४ सालचा एक अभ्यास विप्रोमधल्या प्रशिक्षणार्थींवर झाला. दिवसाच्या शेवटची पंधरा मिनिटं काहींना त्या दिवशी काय शिकलो हे लिहायला दिली, बाकीच्यांनी तेवढा वेळ सरावच केला. शेवटच्या परीक्षेत लिहिणारे सुमारे २३ टक्क्यांनी सरस ठरले. मग फरक कुठे? माझ्या मते विषयात. त्यांनी काम लिहिलं. आपण बहुतेकदा दुखावलेलं मन लिहितो.

मला अमेरिकन यादवी युद्धातलं, अध्यक्ष लिंकनचं एक पत्र फार महत्त्वाचं वाटतं. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही त्याच्या जनरल मीडने शत्रूचा सेनापती ली याचं सैन्य पोटोमॅक नदीपार निसटू दिलं. लिंकनने त्याला अतिशय कडक पत्र लिहिलं, आणि पाठवलंच नाही. पाकिटावर नोंद केली की सही केली नाही, धाडलं नाही. राग कागदावर उतरला आणि सेनापती कामावर राहिला. मी याला आत्मपरीक्षण म्हणेन, कारण त्यातून एक कृती टळली.

शांतरस

आपल्याकडचा एक मुद्दा राहिलाच. मराठी वाचक नेतृत्व शोधतो ते 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय' या कादंबऱ्यांत. मी त्यांच्यावर प्रेम करतो, शाळेपासून. अधोरेखित यांच्या अटीप्रमाणे आपण 'स्वामी' रघुनाथरावाच्या बाजूने वाचायचा का? पुतण्या माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा होतो आणि काकाचा अनुभव, पराक्रम बाजूला राहतो. डावलल्याची भावना आणि त्यातून होणारं नुकसान. प्रत्येक ज्येष्ठाने एकदा त्या खुर्चीत बसून बघावं, हे पटतं.

पण आदर्श काढून घेऊ नका. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आधी कुणासारखं तरी व्हावंसं वाटू दे. चुकलेले राजे त्याला तिशीत भेटतील.

अधोरेखित

शांतरस, वयाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

आता धृतराष्ट्र. दोन दिवस विचार केला. विदुराने त्याला सगळं सांगितलं, पण ते एकांतात, रात्री. सकाळी सभा भरली तेव्हा रात्री जे कबूल केलं त्याची आठवण करून देण्याची मुभा त्याने कुणालाच दिली नव्हती. मधली ओळ यांचा मुद्दा इथे जुळतो. एकट्याने केलेलं आत्मपरीक्षण सकाळपर्यंत टिकत नाही. अमेरिकन सैन्यात १९७०च्या दशकापासून सरावानंतर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची पद्धत आहे. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, पुढच्या वेळी काय करायचं. कनिष्ठानेही वरिष्ठासमोर बोलायचं असतं. म्हणून माझ्या अटीत मी भर घालते. क्रेऑन वाचा, आपल्यातला क्रेऑन ओळखा, आणि तो दिसला की टोकायचा अधिकार हाताखालच्या एका तरी माणसाला आधीच द्या, चारचौघांत.

रोखठोक

ही भर घातलीत तर माझा अर्धा विरोध उरतो. पण मग बघा, बदल घडवणारी गोष्ट तो अधिकार आहे. क्रेऑन न वाचताही तो देता येतो.

अधोरेखित

देता येतो. पण न वाचलेला माणूस तो देईल का? आपल्याला त्याची गरज आहे, हे त्याला कुठून कळणार?

रोखठोक

एखादी मोठी चूक झाली की कळतं. तुम्ही म्हणाल, ती किंमत कशाला मोजायची. ठीक. मग मोजमाप माझं घ्या. पायवाट यांच्या सत्रानंतर सहा महिन्यांनी त्या मॅनेजरच्या हाताखालच्या लोकांना एकच विचारा: काम बिघडतंय हे वर सांगायला पूर्वी किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात? ते दिवस कमी झाले असतील तर मी मत बदलेन. त्या मॅनेजरला चित्रपट किती आवडला, यात मला रस नाही.

पायवाट

निकष मंजूर. फक्त विचारताना मॅनेजर खोलीत नको, आणि प्रश्न सत्राच्या आधीही एकदा विचारून ठेवायला हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पुढच्या गटापासून सुरू करते.