'हुशार मूल म्हणजे आईबापांची हौस' म्हणे!

भाग्यश्री_नाशिक:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: 'हुशार मूल वगैरे काही नसतं. पाढे घोकून घेतात आणि पाहुण्यांपुढे उभं करतात.' म्हणून हा धागा. माझ्या मुलीकडून कुणीही काही घोकून घेतलेलं नाही. साडेतीन वर्षांची असताना एसटीच्या पाट्या वाचायला लागली. आता पहिलीत 'क कमळाचा' चाललंय. ही कंटाळून शेजारच्याची गणितं सोडवून देते आणि डायरीत शेरा येतो, 'शिस्त नाही.' एक इयत्ता पुढे बसवा म्हटलं की मुख्याध्यापिका वयाचा नियम काढतात. मागे पडलेल्या मुलाला जादा तास हवा हे सगळ्यांना पटतं. पुढे गेलेल्यासाठी मागितला की हौस?

जोशीकाका:
ती ओळ माझीच, आणि मागे घेणार नाही. हयात शिकवण्यात गेली. दरवर्षी कुणीतरी 'आमचा जरा वेगळाच आहे हो' म्हणत यायचंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मनने 1921 पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक मोजून मुलं निवडली. त्यातल्या एकालाही नोबेल नाही. चाचणीत गळलेले भौतिकशास्त्रज्ञ शॉकली आणि अल्वारेझ मात्र घेऊन गेले!

मेघना_पुणे:
काका, मग खोट चाचणीत निघाली, मुलांत नाही. आप्पा पेंडशांनी 1962 मध्ये पुण्यात हुशार मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी काढली ती काय हौस म्हणून?

भाग्यश्री_नाशिक:
मेघनाताई, त्या शाळेत प्रवेश पाचवीला. तोवर काय करू?

त्रस्त_बाप:
पाचवी म्हटलं की आमची स्कॉलरशिपची परीक्षा आठवते! मध्यंतरी चौथीची पाचवीला नेली होती, क्लासवाल्यांचं काय बिघडलं? आमच्या गल्लीत दुसरीपासून बॅच. बुद्धिमत्ता चाचणीसुद्धा शिकवतात. आरशातली प्रतिमा, घड्याळाचे काटे, सगळ्याच्या युक्त्या पाठ.

जोशीकाका:
आमच्या वेळी क्लास नव्हते. शाळेतच जादा तास, तेही फुकट.

त्रस्त_बाप:
फुकट? आमचे गुरुजी जादा तासाला स्वतःच्या घरचं दळण आणायला पाठवायचे!

मेघना_पुणे:
सगळे गुरुजी तसे नसतात हो. माझे वडील शिक्षक होते. तोंड सांभाळून.

भाग्यश्री_नाशिक:
धागा स्कॉलरशिपचा नाही! आणि त्याच पेपरातलं सांगायचं तर माझी पोर 'गटात न बसणारे पद' आहे. तिच्याबद्दल बोला.

जोशीकाका:
बरं. तिला रोज एक तास वाचनालयात सोडावं, एवढं मान्य. इयत्ता मात्र उडवू नका. माझा पुतण्या दुसरीतून थेट चौथीत गेला. गणितात पहिला, पण वर्गात सगळ्यांत बुटका. कबड्डीत कुणी घेईना. डबा एकटाच खायचा.

भाग्यश्री_नाशिक:
उपकार झाले. वाचनालय म्हणजे कुलूपबंद कपाट आहे आणि किल्ली शिपायाकडे. आणि काका, डबा ती आत्ताही एकटीच खाते. सहा वर्षांच्या पोरांना ग्रहणं कशी लागतात यात रस नसतो.

त्रस्त_बाप:
ते जाऊ द्या. मोठीला स्कॉलरशिप लागली, पैसे अजून खात्यात नाहीत. कुणाचे आलेत का?