साबी सँडचे लॉज : माणशी लाखभर रुपये नेमके कशाचे?

पाणवठा :
गेल्या जुलैत, म्हणजे तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, आम्ही उभयता दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या साबी सँड या खासगी अभयारण्यातील एका लॉजमध्ये तीन रात्री राहिलो. तेथील एका रात्रीचे माणशी भाडे सहज लाखाच्या घरात जाते, आणि परतल्यापासून आप्तेष्टांचा एकच प्रश्न आहे की, तेच प्राणी शेजारच्या सरकारी उद्यानात याच्या अंशमात्र खर्चात दिसत असताना एवढे पैसे कशासाठी उधळले. माझ्या मते ते उधळलेले नाहीत. कारण सांगतो, विरोध अवश्य व्हावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॉनेटच्या डाव्या टोकाला जोडलेल्या खुर्चीवर बसलेल्या ट्रॅकरने (प्राण्यांचा माग काढणाऱ्याने) नुसता हात वर केला आणि गाडी थांबली. वाळूत बिबट्याचे पाऊल उमटले होते. त्याने खाली उतरून आम्हाला दाखवले की, फांदीवरून टपकलेल्या दवाचे बारीक खळगे ठशाच्या सभोवती आहेत, ठशाच्या आत मात्र एकही नाही. म्हणजे दव गळून गेल्यानंतर, तासाभरात कधीतरी, मादी येथून गेली आहे. मग रस्ता सोडून झुडपांतून वीसेक मिनिटे गेल्यावर मारुलाच्या झाडाच्या आडव्या फांदीवर ती दिसली, शेजारी अर्धवट खाल्लेले इम्पाला हरीण लटकत होते. मिशांच्या सर्वांत वरच्या ओळीच्याही वर असलेले ठिपके मोजून (एका गालावर तीन, दुसऱ्यावर दोन) रेंजरने, म्हणजे गाडी चालवणाऱ्या वाटाड्याने, ती कोणती मादी हे सांगितले. त्या वेळी तेथे आमच्याखेरीज एकच गाडी होती, कारण एका प्राण्यापाशी किती गाड्या थांबाव्यात याचा नियम रेडिओवरून पाळला जातो. मी पैसे मोजले ते या कसबाचे आणि या शांततेचे. स्नानगृहातून दिसणारी नदी मला नसती तरी चालली असती.

स्वतःचीगाडी :
आपले वर्णन सुरेख आहे, परंतु त्यातील एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे. साबी सँडमधील बिबटे गाडीकडे दुर्लक्ष करतात, ते काही निसर्गतः नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील लोकांनी ठरावीक माद्यांच्या मागे सबुरीने, अंतर राखून गाड्या नेल्या. त्या माद्यांची पिल्ले आईच्या सोबतीने गाड्या पाहतच वाढली, आणि पिढ्यामागून पिढ्या हाच संस्कार झाला. म्हणजे आपण पाहिलेली मादी रानटी आहे, पण आपल्यासाठी सरावलेली आहे.

आम्ही क्रूगरमध्ये भाड्याची गाडी स्वतः चालवत पाच दिवस फिरलो. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०, विश्रांतीच्या ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचे नाही, आणि दार बंद होण्याआधी तळावर परतायचे. बिबट्या दिसला नाही. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन विश्रामतळांमधील नदीकाठच्या रस्त्यावर सिंहांपाशी पंचवीस गाड्यांची कोंडी झाली होती, तीत पाऊण तास अडकलो आणि सिंहाचे शेपूट पाहिले, हेही प्रांजळपणे सांगतो. तरीही साताऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर (हे सातारा तिकडचे, तेथील विश्रामतळाचे नाव तेच आहे) एका वळणावर हत्तींचा कळप आम्हीच प्रथम पाहिला, आणि इंजिन बंद करायचे की मागे सरकायचे हा निर्णय आम्हालाच घ्यावा लागला. ती धडधड विकत मिळत नाही. लॉजमध्ये जंगल वाढून पानात येते.

पाणवठा :
सराव झाला म्हणून प्राण्याचे रानटीपण उणे होते, हे मला मान्य नाही. ताडोबातील वाघिणीही जिप्सीसमोरून निवांत चालत जातात आणि त्यांना कोणी पाळीव म्हणत नाही. पंचवीस गाड्यांच्या गलबल्यात उभा असलेला सिंह माझ्या मादीपेक्षा अधिक नैसर्गिक कसा, हे कृपया समजावून सांगावे.

बांधावरून :
आपण दोघेही प्राण्यांविषयी बोलत आहात. मला जमिनीविषयी बोलायचे आहे. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधील कुंपण १९९३ मध्ये काढले गेले, आणि सुमारे ६५,००० हेक्टरांचे खासगी रान जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या उद्यानाला मोकळे झाले. याचे कौतुक प्रत्येक लॉज करतो आणि ते यथायोग्यच आहे. पण पश्चिमेकडचे, बुशबकरिजच्या दाट वस्तीकडचे कुंपण आजही उभे आहे. प्राण्यांच्या बाजूचे कुंपण पडले, माणसांच्या बाजूचे राहिले.

या जमिनी रिकाम्या नव्हत्या. क्रूगरच्या उत्तर टोकाला मकुलेके लोकांना १९६९ मध्ये स्वतःची घरे जाळायला लावून हुसकावण्यात आले. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ च्या करारान्वये लिंपोपो व लुवुव्हू या नद्यांमधील सुमारे २४,००० हेक्टर जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. त्यांनी तेथे शेती न करता जंगल राखले आणि लॉजना जागा भाड्याने दिली. साबी सँडमधीलच मालामाला ही मालमत्ता २०१३ मध्ये सरकारने सुमारे एक अब्ज रँड (तिकडचे चलन) मोजून स्थानिक न्वांडलामारी समूहासाठी विकत घेतली. म्हणजे मालक बदलू शकतो, आणि तरी बिबटे फांदीवरून पळून जात नाहीत! तेव्हा माझा आक्षेप लॉजवर नाही. जेथे जमीन आणि नफा अजूनही मोजक्या कुटुंबांच्या हाती आहे, तेथे लाखभर रुपये देऊन आपण ‘संवर्धन’ केल्याचे समाधान मानावे, यावर आहे.

खूर आणि शिंग :
मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे पश्चिमेकडच्या कुंपणाविषयी थोडे स्पष्टीकरण. आफ्रिकी रानम्हशी लाळ्या-खुरकतीचा विषाणू वर्षानुवर्षे अंगात बाळगतात आणि स्वतः क्वचितच आजारी दिसतात. तीच बाधा बुशबकरिजच्या गुरांत शिरली, तर आजारी जनावरे, बंद झालेला बाजार आणि लसीकरणाची धावपळ हे सारे गावकऱ्यांच्याच माथी येते. ज्याच्या गोठ्यात ही साथ आली आहे, त्याला या कुंपणाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. शिवाय ते सिंहांनाही अडवते.

खर्चाची दुसरी बाजू गेंड्यांची. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंड्यांची शिकार झाली. तेव्हापासून रात्रंदिवस सशस्त्र गस्त, माग काढणारे कुत्रे, आणि अनेक ठिकाणी गेंड्याला भूल देऊन शिंग कापणे हे नित्याचे झाले आहे. शिंग पुन्हा वाढते, म्हणून हे काम ठरावीक काळाने परत करावे लागते. खासगी अभयारण्याला यासाठी लागणारा पैसा प्रामुख्याने पाहुण्यांच्या भाड्यातून उभा राहतो. भाडे निम्मे केले तर पाहुणे दुप्पट आणावे लागतील, गाड्याही दुप्पट, आणि मग ‘स्वतःचीगाडी’ यांची कोंडी झुडपांत घुसेल.

स्वतःचीगाडी :
रस्ता सोडून झुडपांत गाड्या घालण्याची मुभा फक्त श्रीमंतांना का असावी, याचे उत्तर त्यात नाही. मातीवर चाकाचा भार भाड्याप्रमाणे कमीजास्त पडत नाही.

बांधावरून :
डॉक्टर, लाळ्या-खुरकतीचा मुद्दा मी मान्य करतो. माझे वाक्य जरा टाळ्याखाऊ झाले होते. तरीही कुंपणाच्या अलीकडचा धोका गुराख्याने सोसायचा आणि पलीकडची मिळकत लॉजने घ्यायची, हा हिशेब रोगामुळे बदलत नाही. ‘पाणवठा’ यांना एकच विचारतो : आपला तो ट्रॅकर कोठला होता, हे आपण त्याला विचारलेत काय?

पाणवठा :
विचारले होते. शेवटच्या संध्याकाळी आम्ही पश्चिमेच्या एका टेकाडावर थांबलो असता त्याने स्वतःच बोटाने दूरचे दिवे दाखवले आणि त्यांत आपले गाव आहे असे सांगितले. सहा आठवडे काम आणि दोन आठवडे रजा, असा त्याचा क्रम होता. रजा सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते. खोलीतील कार्डावर बक्षिसीचे आकडे सुचवलेले होते, आणि रेंजरचा आकडा ट्रॅकरच्या दीडपट होता. दवाचे खळगे ज्याने वाचले त्याला कमी का, असे माझ्या मनात आले, म्हणून आम्ही दोन्ही पाकिटांत सारखीच रक्कम घातली. जमीन कोणाची, हे मात्र मी विचारले नाही.