मदत हवी: बाळाला फिटचा झटका आलाच नाही तरी औषध सुरू करायचं का? (नागपूर)

घाईत_बाप: धंतोलीतले एक डॉक्टर म्हणतात, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) बिघडला की झटक्याची वाट न पाहता औषध सुरू करू. दुसरे म्हणतात, झटका आल्याशिवाय नाही. घरात दोन पार्ट्या झाल्या. कोणी दिलं आहे का? लवकर सांगा जी.

वर्धारोडवाली: आजार कोणता, बाळ केवढं, औषध कोणतं?

घाईत_बाप: ट्युबरस स्क्लेरोसिस (अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार), टीएससी२ जनुकातला बिघाड. पोटात असतानाच हृदयात गाठी दिसल्या होत्या. औषध व्हिगाबॅट्रिन.

इतवारीकर: गोळ्यांच्या नादी लागू नका. पुतण्याला कीटो डाएटनं (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिठूळ-गोड आहार) उतार पडला.

वर्धारोडवाली: पुतण्या किती वर्षांचा? झटके येत होते ना त्याला? इथं आलेलेच नाहीत. अन् वय अजून सांगितलं नाही, भाऊ.

इतवारीकर: अकरा. अनुभव सांगितला, राग काहून येते?

गोळीवाला: दोन्ही डॉक्टर आपल्या जागी बरोबर. युरोपातल्या एपिस्टॉप अभ्यासात (२०२१) ईईजी बिघडताच व्हिगाबॅट्रिन दिलेल्या बाळांना पहिला झटका बराच उशिरा आला. अमेरिकेतल्या प्रिव्हेन्टमध्ये (२०२३) इन्फंटाइल स्पाझम (तान्ह्या बाळांचे झटके) कमी झाले, पण दोन वर्षांच्या वयात बुद्धीच्या चाचणीत फरक दिसला नाही. शिवाय या औषधानं कडेची नजर जाऊ शकते, गेली तर परत येत नाही. डोळ्यांच्या तपासणीचं आधीच विचारा.

मिहानकर: बहिणीच्या किडनीत गाठ आहे, हाच आजार. एव्हेरोलिमस कुठं स्वस्त मिळेल?

गोळीवाला: वेगळा धागा काढा. ते गाठी वाढवणारं एमटॉर प्रथिन रोखणारं औषध, इथला प्रश्न वेगळा.

घाईत_बाप: साडेचार महिने. ईईजी दीड महिन्यापूर्वी चांगला होता.

वर्धारोडवाली: दीड महिना?! या वयात तो महिन्या-दीड महिन्यानं परत काढतात. आमची मुलगी झोपेतून उठली की दोन्ही हात पुढे फेकायची, मान खाली, मग रडणं. पाच-सहा सेकंदांनी परत तेच. पोटात मुरडा समजून बेंबीला हिंग लावत बसलो, तीन आठवडे गेले. तेच स्पाझम होते.

इतवारीकर: हिंगानं नुकसान नाही होत.

घाईत_बाप: ताई, हात दोन्ही एकदम जातात का? आई परवापासून हिंग लावते आहे.

वर्धारोडवाली: हो, एकदम. व्हिडिओ काढा अन् आत्ताच डॉक्टरांना पाठवा. तेच झटके निघाले तर औषध आधी की नंतर हा वादच राहत नाही.

मिहानकर: धंतोलीत कार नेऊ नका, पार्किंग मिळत नाही.

घाईत_बाप: ऑटोत आहे. झोपला आहे तो.