स्लाइडवर धमनी की शीर? आणि व्हर्होफ (इलास्टिक तंतू काळे रंगवणारी पद्धत) दर वेळी का बिघडतो?

गुलाबीकाच: एच अँड ई (हिमॅटोक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगाची) स्लाइड, एकाच बंडलमध्ये धमनी, शीर आणि नर्व्ह. गोल ती धमनी, चपटी ती शीर हा नियम बऱ्याचदा फसतो. इंटर्नल इलास्टिक लॅमिना (धमनीच्या भिंतीतला आतला लवचीक पडदा) कधी ठळक, कधी गायब. खात्रीची खूण कोणती? व्हर्होफ केला तर सेक्शन काळाठिक्कर, नाहीतर तंतूच पुसट.

मायक्रोटोम: पोकळीचा आकार विसरा. रक्ताने भरलेली शीर गोल दिसते आणि तिरकी कापलेली धमनी लांबट. कोणता थर जाड आहे ते बघा. मस्क्युलर धमनीत ट्युनिका मीडिया (भिंतीचा मधला थर) जाड, स्नायूपेशींचे अगदी 40 पर्यंत थर. शिरेत मीडिया पातळ, अ‍ॅडव्हेंटिशिया (बाहेरचा थर) जाड. लॅमिना म्हणजे गुलाबी, चकाकणारी, नागमोडी रेघ. स्नायू आकुंचन पावला की तिला चुण्या पडतात, म्हणून नागमोडी. दिसत नसेल तर आयरिस (मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा) थोडा बंद करा, लगेच उठून येते. मोजपट्टी स्लाइडवरच असते: तांबडी पेशी, साधारण 7 मायक्रॉन. केशिकेत त्या एकामागे एक जातात. आर्टेरिओलला (सर्वांत बारीक धमनीला) स्नायूचे एक-दोनच थर.

इओसिन: वरच्यात भर. पायातली सॅफेनस शीर हमखास चकवते, तिची मीडिया चांगली जाड असते. पण स्नायूंच्या जुड्यांमध्ये कोलॅजन शिरलेलं दिसतं. धमनीत स्नायू दाटीने बसलेला असतो. महाधमनीत लॅमिना वेगळी शोधत बसू नका, मीडियातच 40 ते 70 इलास्टिक पत्रे असतात, त्यांत ती हरवते. इन्फिरिअर व्हेना कॅव्हाच्या (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या) आडव्या छेदात अ‍ॅडव्हेंटिशियात स्नायूंची गोल बेटं दिसली, की ओळख पक्की.

मायक्रोटोम: आता व्हर्होफ. 5% अल्कोहोलिक हिमॅटोक्सिलिन 20 मिली, 10% फेरिक क्लोराइड 8 मिली, लुगोल आयोडिन 8 मिली, याच क्रमाने आणि त्याच दिवशी मिसळलेलं. तासभर ठेवा. सेक्शन पूर्ण काळा व्हायलाच हवा, ती चूक नव्हे. चूक पुढे होते. 2% फेरिक क्लोराइडमध्ये रंग उतरवायला एक-दोन मिनिटं पुरतात, पण घड्याळावर विसंबू नका. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवून मायक्रोस्कोपखाली बघा आणि किंचित आधीच थांबा, कारण पुढे वापरायच्या व्हॅन गीसन या रंगातलं पिक्रिक अ‍ॅसिड आणखी रंग काढतं. तुमचे तंतू पुसट होतात ते बहुधा इथेच. मग 5% सोडिअम थायोसल्फेट एक मिनिट, धुणं, व्हॅन गीसन तीन ते पाच मिनिटं आणि थेट 95% अल्कोहोल. मध्ये पाण्यात रेंगाळलात तर कोलॅजनचा लाल रंग गेला. इलास्टिक काळं, कोलॅजन लाल, स्नायू पिवळा यायला हवा.

गुलाबीकाच: रंग जास्त उतरला तर स्लाइड वाया?

इओसिन: व्हॅन गीसन आणि थायोसल्फेट झालं नसेल तर नाही. धुऊन पुन्हा व्हर्होफमध्ये टाका. आणि पिक्रिक अ‍ॅसिडच्या बाटलीत पाणी कायम ठेवा; कोरडं झालं की ते स्फोटक असतं.