इंजिनिअरिंग पहिलं वर्ष, खुला प्रवर्ग, उत्पन्न १ लाख २० हजार: कोणती शिष्यवृत्ती भरू?

दुसरीफेरी
कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत कॉम्प्युटर लागलंय. कॉलेज खाजगी विनाअनुदानित, घरापासून ४२ किमी. शिक्षण शुल्क ६४,०००, विकास शुल्क ६,४००. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला १,२०,००० चा आहे. जमीन दोन एकर. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आहे. घरातून यंदा ४० हजारांच्या वर निघणार नाहीत आणि कर्ज काढायचं नाही. महाडीबीटीवरची (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची) शाहू महाराज योजना भरू की केंद्राची १२ हजारांची? होस्टेलचं काही होतं का?

रानफूल
केंद्राची भर. बारावीच्या गुणांवर मिळते, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. पहिली तीन वर्षं १२ हजार, बीटेकला चौथ्या वर्षी २० हजार. ५०% गुण आणि ७५% हजेरी राखली की दरवर्षी नूतनीकरण होतं. पैसे थेट खात्यात येतात.

फॉर्मखिडकी
रानफूल, अर्धंच सांगितलंत. ती घेणाऱ्याला राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही. इथे शाहू योजनेतून शिक्षण शुल्काचे अर्धे म्हणजे ३२ हजार सुटतात, परीक्षा शुल्कही अर्धं. १२ हजारांसाठी ते घालवायचे?
दुसरीफेरी, अट तीन गोष्टींची: उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधूनच, आणि कुटुंबातली पहिली दोनच मुलं. विकास शुल्क, डिपॉझिट, लायब्ररी यातलं काही मिळत नाही. म्हणजे ३२,००० अधिक ६,४००, वर अर्धं परीक्षा शुल्क. तुझ्या ४० हजारांत जेमतेम बसतंय. प्रवेशाच्या वेळी अर्धंच शिक्षण शुल्क घ्यायचं असा शासन निर्णय आहे. पूर्ण मागितलं तर लेखी द्या म्हणायचं.

माईची_लेक
आता १००% माफ आहे ना? २०२४ पासून सगळं शिक्षण शुल्क माफ झालंय.

फॉर्मखिडकी
ते मुलींना.

माईची_लेक
मग मुलांच्या आईबापांकडे पैसे जास्त असतात का? दोन एकरवाल्याला अर्धी फी पण जड आहे.

दीर्घदृष्टी
कर्जाला इतकं का घाबरतात कळत नाही. पीएम विद्यालक्ष्मीत विनातारण मिळतं, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३% व्याज सवलत आहे. लॅपटॉप, होस्टेल सगळं त्यातच बसव.

फॉर्मखिडकी
त्यासाठी कॉलेज केंद्राच्या यादीत असावं लागतं. आणि त्याने कर्ज नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

टी_वाला_कोड
फी माफीची टीएफडब्ल्यूएस जागा कोणीच कशी सुचवली नाही? शिक्षण शुल्क पूर्ण माफ, उत्पन्न ८ लाखांच्या आत. कॅपच्या यादीत तिचा कोड वेगळा असतो, शेवटी टी. तिसऱ्या फेरीत जाणार असशील तर तेच कोड वर टाक. एकदा ती जागा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, तेवढं लक्षात ठेव.

सातबारा
होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, महाडीबीटीवरच. शाहूबरोबर चालतो. अल्पभूधारक दाखला तहसीलमधून काढायचा, सातबारा आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) जोडून. तिथेच गाडी अडते. आठ-अ वर वडिलांचं नाव पाहिजे. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद आणि फेरफार, आणि त्यात महिने जातात. त्यामुळे उतारा आजच काढून बघ. शिवाय होस्टेलचा दाखला, खोली भाड्याची असेल तर भाडेकरार.

खातेउतारा
सगळ्यात जास्त पैसे अडकतात बँकेत. खात्याला आधार जोडलंय म्हणजे काम झालं असं नसतं. शासनाचे पैसे आधार क्रमांकावर निघतात आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या क्रमांकापुढे जी बँक असेल तिथेच जातात. अकरावीत दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि पोरगं जुनं पासबुक भरून बघत बसतं. आधारच्या 'माय आधार' साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, दोन मिनिटांचं काम आहे.
दुसरं, कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर राहू शकत नाही. केवायसी करून ते साधं बचत खातं करून घे.

रानफूल
हेच सांगणार होते, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे.

फॉर्मखिडकी
दाखल्याचं एक राहिलं. तलाठ्याचा दाखला चालत नाही, तुझा तहसीलदारांचा आहे ते बरं. प्रोफाइलमध्ये बारकोड क्रमांक टाकताना एक अंक चुकला की माहिती येत नाही. फाइल २५६ केबीच्या आत हवी, पण दाबून दाबून शिक्का पुसट करू नकोस, कॉलेजचा क्लार्क परत पाठवतो. परत पाठवल्याचं लॉगिन केल्याशिवाय कळेल या भरवशावर राहू नकोस. आठवड्यातून एकदा स्थिती बघायची, नाहीतर दुरुस्तीची मुदत निघून जाते.

दुसरीफेरी
सगळ्यांचे आभार. आठ-अ काढला, वडिलांचं नाव आहे. तरी भत्ता भरत नाहीये. तो कधी जमा होईल सांगता येत नाही आणि मेसवाल्याला महिन्याच्या महिन्याला लागतात. होस्टेल सोडतोय, सकाळच्या साडेसहाच्या एसटीने जाऊन-येऊन करणार. विद्यार्थी पासला ६६.६७% सवलत आहे. तिसरी फेरीही नको, हीच जागा पक्की केली. शाहू भरतोय. सीडिंग बघितलं, खरंच दुसऱ्याच बँकेत निघालं.

सातबारा
रोज ८४ किमी आणि वर प्रॅक्टिकल. भत्ता भर रे, उशिरा का होईना येतो.

दुसरीफेरी
उशिरा आलेल्या पैशांनी चालू महिन्याची मेस भागत नाही, काका.

फॉर्मखिडकी
एसटी पासला बोनाफाईड लागेल. घेतोस तेव्हा दोन प्रती घे, एक ठेवून दे.