मदत हवी आहे: नवा सिग्नेचर ट्यूब ॲम्प आणला, पण त्यातून तो आवाज येत नाही. कोणत्या ट्यूब बदलू?

सहावी_तार (गुरुवार, रात्री)
नमस्कार. एका नामवंत वादकाच्या नावाने निघालेल्या ज्या सिग्नेचर ॲम्पची घोषणा झाल्यापासून आम्ही गिटारवाले दुसऱ्या कशावर बोलतच नव्हतो, त्याचे १०० वॅटचे हेड (स्पीकर नसलेला, नुसता ॲम्पचा खोका) अखेर माझ्या घरी आले आहे. त्या वादकाची ध्वनिमुद्रणे ऐकत ऐकतच मी वाजवायला शिकलो, त्यामुळे खोके उघडताना माझे हात खरोखर थरथरत होते. मागची जाळी, तिच्याआड ओळीने उभ्या असलेल्या चार ईएल३४ पॉवर ट्यूब आणि बटण दाबल्यावर हळूहळू चढत जाणारा त्यांचा नारिंगी उजेड, हे सगळे जसे असावे तसेच आहे. आवाज मात्र तसा नाही. तो पातळ आहे, वरच्या पट्टीत कानाला टोचतो, आणि खर्जाच्या तारेवर तळहात टेकवून वाजवले की जो ठोका छातीत बसायला हवा तो बसतच नाही. माहितीपुस्तिकेत त्या वादकाने दिलेल्या आकड्यांवर सगळे नॉब ठेवून पाहिले. ॲम्प परत करण्याची मुदत रविवारी संपते. कंपनीने बसवलेल्या ट्यूब सुमार असतात असे अनेक ठिकाणी वाचले आहे. तेव्हा कृपया एवढेच सांगा की प्रीॲम्पच्या (गिटारचा सिग्नल घडवणाऱ्या) ट्यूब बदलू की पॉवरच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या), आणि कोणत्या घालू.

मंद्रसप्तक (गुरुवार, रात्री)
अभिनंदन. परंतु उत्तर देण्याइतकी माहिती तुम्ही दिलेली नाही. ॲम्प कोणता, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) कोणते, त्यात स्पीकर किती आणि कोणते, गिटारला पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) कोणते आणि मुख्य म्हणजे मास्टर व्हॉल्यूम कितीवर ठेवून वाजवता, हे कळल्याशिवाय ट्यूबविषयी बोलणे म्हणजे रुग्णाला न पाहता औषध लिहून देण्यासारखे होईल.

तप्तनळी (गुरुवार, रात्री)
एवढ्या चौकशीची गरज नाही. गिटारचा सिग्नल सर्वप्रथम ज्या ट्यूबमध्ये शिरतो ती व्ही१ बदला. तिथे जुन्या साठ्यातली उत्तम ईसीसी८३ लावली की टोचरेपणा जातो, हा माझा तीन वेगवेगळ्या ॲम्पवरचा अनुभव आहे. प्रीॲम्पची ट्यूब बदलताना बायस (ट्यूबमधून स्थिर वाहणाऱ्या प्रवाहाची मात्रा) जुळवावा लागत नाही, त्यामुळे ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन हे काम घरच्या घरी करता येते. पुढे चारही ईएल३४ जुळवलेल्या संचाच्या घ्या, मात्र त्या वेळी बायस जाणकाराकडूनच बसवून घ्या, कारण बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

शांतखोली (शुक्रवार, सकाळी)
माझा सल्ला कदाचित आवडणार नाही, पण तो मनापासून देतो आहे. घरात वाजवायचे असेल तर हेड परत करा आणि चांगला डिजिटल मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र) घ्या. फ्रॅक्टल कंपनीचा पहिला मॉडेलर ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये आला आणि केम्पर कंपनीचा प्रोफायलर २०११ मध्ये. त्यानंतरच्या काळात हे तंत्र इतके पुढे गेले आहे की हेडफोनवर बसून रात्रभर वाजवले तरी तोच बाज मिळतो. मी स्वतः दोन ट्यूब हेड विकून टाकली आणि मला त्याचा कधीही पश्चात्ताप झालेला नाही.

तप्तनळी (शुक्रवार, सकाळी)
शांतखोली, धागाकर्त्याने ट्यूबविषयी विचारले आहे, मॉडेलरविषयी नव्हे. तार हलकी छेडली तर स्वच्छ आणि जोरात मारली तर खवळणारा असा जो प्रतिसाद ट्यूब ॲम्प बोटांना देतो, त्यासाठीच लोक वीस किलोचे हेड जिन्यावरून वाहून नेतात.

शांतखोली (शुक्रवार, सकाळी)
तो प्रतिसाद पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्याकडून काम करून घेतले तरच मिळतो. बंद खोलीत १०० वॅटकडून ते काम कोण करून घेणार, एवढाच माझा मुद्दा आहे.

निळी_कळ (शुक्रवार, दुपारी)
सिग्नेचर या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला तर धागाकर्त्याची निराशा थोडी कमी होईल असे वाटते. पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हॅलेनसोबत ५१५० हा ॲम्प आणला. २००४ मध्ये ती भागीदारी संपली तेव्हा नाव वादकाबरोबर गेले, आणि पीव्हीने तोच ॲम्प ६५०५ या आकड्याने विकणे चालू ठेवले. जड बाजाचे असंख्य वादक तो बिनदिक्कत वापरत राहिले, कारण सर्किट होते तिथेच होते. गिटारवादक स्लॅशचा १९९६ मधला मार्शल हा त्या कंपनीचा पहिला सिग्नेचर ॲम्प मानला जातो, आणि तोही मुळात मार्शलच्याच १९८७ च्या सिल्व्हर ज्युबिली ॲम्पची पुनरावृत्ती होता. मेसा बूगी कंपनीचा, गिटारवादक जॉन पेट्रुचीच्या नावाचा जेपी-२सी २०१६ मध्ये आला, त्याचा पाया १९८० च्या दशकातल्या मार्क टू सी प्लस या ॲम्पचा आहे. म्हणजे पुढच्या पट्टीवर सही असली तरी आत बहुतेक वेळा कंपनीचे सिद्ध झालेले सर्किट असते, ज्यात त्या वादकाच्या सवयीप्रमाणे फेरफार केलेले असतात. त्याची बोटे, त्याची गिटार आणि त्याचे कॅबिनेट खोक्यात येत नाही. आता कृपया ॲम्पचे नाव सांगा.

सहावी_तार (शुक्रवार, संध्याकाळी)
नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते लिहिले की धागा त्या वादकाच्या बाजूने आणि विरोधात वळतो, हे मी दुसरीकडे पाहिले आहे, आणि माझ्याकडे तेवढा वेळ नाही. गिटार दोन हंबकर पिकअपची आहे. व्हॉल्यूम अर्थातच कमी ठेवावा लागतो. मास्टर शून्यावरून केसभर सरकवला तरी कपाटातली काच वाजायला लागते, त्यामुळे तो तिथेच असतो. कॅबिनेट साधे आहे, त्याचा इथे काय संबंध? हेड बदलले आहे, कॅबिनेट पूर्वीचेच आहे.

जुनाव्हॉल्व्ह (शुक्रवार, संध्याकाळी)
संबंध आहे, आणि तो सर्वात मोठा आहे. कृपया हेडच्या मागे जाऊन पाहा आणि जसे दिसेल तसे लिहा. स्पीकरची केबल कोणत्या जॅकमध्ये आहे, त्याखाली कोणता आकडा आहे, कॅबिनेटच्या पट्टीवर किती ओहम (विद्युतरोध) आणि किती वॅट लिहिले आहेत, आणि ती केबल कुठली आहे?

तालमीचा_कोपरा (शुक्रवार, रात्री)
जिन्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ट्यूब ॲम्प बंद केल्यावर लगेच उचलू नका. ट्यूब तापलेल्या असताना धक्का बसला तर आतल्या नाजूक तारा आणि जोड निकामी होण्याची भीती अधिक असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मगच आच्छादन घालावे.

सहावी_तार (शुक्रवार, रात्री)
पाहिले. मागे ४, ८ आणि १६ असे जॅक आहेत. केबल ४ च्या जॅकमध्ये आहे, कारण तो पहिला होता. कॅबिनेटमध्ये बारा इंची एकच सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर आहे, त्यावर १६ ओहम आणि ६० वॅट लिहिले आहे, आणि कॅबिनेट मागून उघडे आहे. जोडायला गिटारचीच एक जास्तीची केबल वापरली आहे. आता तरी कोणती ट्यूब ते सांगाल का?

जुनाव्हॉल्व्ह (शुक्रवार, रात्री)
सहावी_तार, हे वाचताक्षणी ॲम्प बंद करा. तुमच्या जोडणीत दोन चुका आहेत आणि दोन्ही महागात पडणाऱ्या आहेत. १६ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या जॅकला जोडला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून पॉवर ट्यूबना अपेक्षेच्या चौपट ओहमचा लोड दिसतो. त्यामुळे मिळणारी शक्ती घटते, आवाजाचा पोत बदलतो, ट्यूबच्या आतल्या स्क्रीन ग्रिड या जाळीवर ताण येतो आणि जोरात वाजवताना ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत व्होल्टेज इतके उसळू शकते की इन्सुलेशन फुटावे. १६ चा स्पीकर १६ च्याच जॅकला, हा एवढा साधा नियम आहे. दुसरी चूक केबलची. गिटारची केबल पिकअपचा क्षीण सिग्नल नेण्यासाठी असते, तिच्या आत एक बारीक तार आणि भोवती जाळीचे कवच असते. १६ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देताना अडीच अँपिअर प्रवाह वाहतो. तो वाहताना ती बारीक तार तापून तुटली, तर ॲम्प लोडविना चालत राहील, आणि ट्यूब ॲम्पसाठी त्याहून वाईट अवस्था नाही. स्पीकरची केबल जाड आणि दुपदरी असते. तीच आणा. शिवाय ६० वॅटच्या एकाच स्पीकरवर १०० वॅटचे हेड मोठ्या आवाजात वाजवणे म्हणजे तो स्पीकर जाळण्याची तयारी आहे. ट्यूबचा विचार या सगळ्यानंतर करा.

मंद्रसप्तक (शनिवार, सकाळी)
जुनाव्हॉल्व्ह यांच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे, पण जॅक बदलूनही तुम्हाला पूर्ण समाधान मिळणार नाही, म्हणून दोन गोष्टी जोडतो. व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटलाच खोली दणाणते. तुम्ही त्या वॅटचाही लहानसा अंश वापरत आहात, तेव्हा पॉवर ट्यूब जवळजवळ झोपलेल्या असतात आणि स्पीकरचा पडदाही फारसा हलत नाही. त्यात आपल्या कानाचा स्वभाव मिळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले आहे की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, त्यामुळे छातीतला ठोका सर्वात आधी हरवतो. दुसरी गोष्ट अशी की ध्वनिमुद्रणात तुम्ही जे ऐकलेत ते बहुधा बंद पाठीच्या चार स्पीकरांच्या कॅबिनेटपुढे, कापडाला जवळजवळ टेकवलेल्या मायक्रोफोनने टिपलेले आहे. तुमचा कान मात्र उघड्या पाठीच्या एका स्पीकरसमोर, बहुधा त्याच्या मध्याच्या रेषेत आहे, जिथे तीव्र स्वर किरणासारखे सरळ येतात. टोचते ते तिथे. कॅबिनेट थोडे तिरपे करून पाहा.

तप्तनळी (शनिवार, सकाळी)
जोडणी चुकली होती हे मान्य आहे. तरीही व्ही१ बदलल्यावर फरक पडतो, हे माझे म्हणणे मी सोडत नाही.

मंद्रसप्तक (शनिवार, सकाळी)
फरक पडतो, हे मलाही मान्य आहे. तो स्पीकर बदलल्यावर पडणाऱ्या फरकाच्या मानाने फार लहान असतो, आणि परत करायच्या ॲम्पमध्ये आधीच हात घालणे धोक्याचे आहे.

शांतखोली (शनिवार, दुपारी)
हेड ठेवायचेच असेल तर स्पीकरच्या जागी रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरसारखा लोड देऊन ॲम्पची शक्ती शोषणारी पेटी) लावून हेडफोनवर ऐकण्याचा मार्गही आहे. पॉवर ट्यूबना पूर्ण काम मिळते आणि खोली शांत राहते. १०० वॅट सहज पेलणाराच घ्या. नुसते ५० वॅटचे बटण दाबून मात्र प्रश्न सुटणार नाही, कारण त्याने फक्त ३ डेसिबल कमी होतात.

सहावी_तार (रविवार, सकाळी)
सर्वांचे आभार, आणि शुक्रवारी मी तुटक लिहिले त्याबद्दल क्षमस्व. केबल बदलली आणि जॅक १६ चा घेतला. घरी एवढ्यानेच आवाज थोडा भरला, पण ठोका नव्हता. काल संध्याकाळी हेड थंड होऊ दिले आणि तालमीच्या खोलीत नेले. तिथे चार व्हिंटेज ३० चे, बंद पाठीचे १६ ओहमचे कॅबिनेट आहे. मास्टर तीनवर नेला, गेन (आवाज किती खरखरीत व्हावा ते ठरवणारा नॉब) पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा दोन घरे खाली आणला आणि खर्जाच्या तारेवर तळहात टेकवून एकच आघात केला. कमरेखाली पॅन्टचे कापड हलले आणि समोरच्या झांजेची कड एकटीच किणकिणली. तोच आवाज होता. मग गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला, तर तोच ॲम्प स्वच्छ झाला आणि स्वरांतला स्वर वेगळा ऐकू येऊ लागला. मी किती वेळ वाजवत बसलो ते सांगता येणार नाही. हेड परत करत नाही आणि ट्यूबना हात लावलेला नाही. घरासाठी लोड बॉक्स शोधतो आहे, परंतु समोर आलेले बहुतेक फक्त ८ ओहमचे आहेत आणि माझे कॅबिनेट १६ चे आहे. ते चालतील का?

जुनाव्हॉल्व्ह (रविवार, सकाळी)
चालतील. लोड बॉक्स ८ ओहमचा असेल तर तो ८ च्या जॅकला जोडा, कॅबिनेट वेगळे काढून ठेवा, आणि पुन्हा कॅबिनेट लावायच्या वेळी आधी ॲम्प बंद करून केबल १६ मध्ये न्यायला विसरू नका. बॉक्सपर्यंतची केबलही स्पीकरचीच हवी.